अमेरिकेच्या उत्तरेकडच्या जंगलातल्या तळ्यांवर मासेमारीला कुठे जावं? तिथला गोड्या पाण्यातला मासा खाण्यालायक असतो का?

पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर एका ओळीचं आहे: मिनेसोटातलं बाउंड्री वॉटर्स (कॅनडाच्या सरहद्दीलगतचं तळ्यांचं राखीव जंगल), इली गावाच्या बाजूने, वल्ह्याच्या होडीतून. पण खाली तुम्ही असंही लिहिलंय की "गोड्या पाण्यातल्या माशाला चिखलाचा वास येतो असं मालवणचे मित्र सांगतात." हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकतोय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आम्ही भिगवणकडचे. वडील उजनीच्या पाण्यात जाळं टाकायचे. मरळ, वाम, कटला, नंतरनंतर नुसती चिलापी. आम्हा भावंडांची शाळा-कॉलेजं त्या माशावर झाली. माझे साडू मालवणचे, आता न्यू जर्सीत असतात. माणूस दिलदार आहे, पण सासुरवाडीत ताट वाढलं की ठरलेलं वाक्य येणार: "गोड्या पान्यातलो मासो म्हणजे चिखल." एकदा ते माझ्या वडिलांसमोर बोलले. वडील काही न बोलता जेवत राहिले. मी ते विसरलेलो नाही.

मासेमारीचा नाद साडूंनाही आहे. एका उन्हाळ्यात ते कॅनडात पार ग्रेट बेअर लेकपर्यंत जाऊन आले. आर्क्टिक वृत्त त्या तळ्यावरून जातं. तिथे पोहोचायचं विमानाने, राहायचं लॉजमध्ये आणि होडी चालवायला वाटाड्या. तळं खरंच अफाट आहे, १९९५ मध्ये तिथे ७२ पौंडांचा लेक ट्राउट गळाला लागला होता. साडूंनी फोटो दाखवले, प्रत्येकात त्यांच्या मिठीत मावेना एवढा मासा. खाल्लात का विचारलं, तर म्हणाले, "छे, सगळे सोडले. जेवायला लॉजवर स्टेक होता." एवढ्या लांब जाऊन, एवढे पैसे ओतून त्या पाण्याची चवसुद्धा घेतली नाही! त्या थंड पाण्यात मासा फार सावकाश वाढतो, त्यामुळे मोठा मासा सोडलाच पाहिजे, हे मला मान्य आहे. पण लहान मासा तिथेच काठावर तळून खायची उत्तरेकडची जुनी पद्धत आहे, आणि बहुतेक वाटाडे ते आनंदाने करतात. मागावं लागतं.

म्हणून पुढच्या जूनमध्ये मी त्यांना माझ्याबरोबर नेलं. इलीहून पूर्वेला रस्ता संपतो तिथे लेक वन आहे. तिथून टू, थ्री, फोर, हडसन आणि शेवटी इन्सुला. मधल्या जमिनीवरून होडी डोक्यावर घेऊन चालायचं. ही अंतरं तिकडे अजून रॉडमध्ये मोजतात. एक रॉड साडेसोळा फूट, म्हणजे साधारण एका होडीची लांबी. हडसन ते इन्सुला शंभराहून थोडे जास्त रॉड आहेत, दगडधोंड्यांतून आणि डास फोडून काढत असताना. केव्हलारची होडी वीस किलोच्या आसपास भरते, ती मी घेतली. साडूंनी सामानाची पाठपिशवी घेतली आणि एकदाही कुरकुर केली नाही. या वाटेवर २०११ मध्ये पगामी क्रीकचा मोठा वणवा लागला होता. काठाला जळके उभे खांब आणि त्यांच्या पायाशी दाट कोवळे पाइन, असं अजून दिसतं. काहींना ते उजाड वाटतं. मला तो पट्टा आवडतो.

इन्सुलात आम्ही वॉलाय धरायला गेलो होतो. हा मिनेसोटाचा राज्यमासा. डोळ्यांत मागे चकाकणारा पडदा असल्यामुळे त्याला अंधूक उजेडात छान दिसतं, म्हणून तो संध्याकाळी खायला निघतो. भर दुपारी गळ टाकून बसणारे उगाच कंटाळतात. जूनमध्ये दहा-पंधरा फूट पाणी, शक्यतो ओढा तळ्यात उतरतो ती जागा, हलका जिग, म्हणजे वजन लावलेला गळ, आणि त्याला जळू. जळू हातात धरायला साडू तयार नव्हते, ती मी लावून दिली. सूर्य झाडांमागे गेला आणि दोरी जड झाली. वॉलाय हिसका देत नाही, नुसतं वजन लागतं. बेताच्या आकाराचे चार ठेवले. एक मोठी मादी आली, ती सोडली.

काठावर वल्ह्याच्या पात्यावर मासा ठेवून साफ केला, तांदळाचं पीठ, थोडा रवा, हळद, तिखट, मीठ लावलं आणि आगळ चोळलं. (आगळ आणि तेल दोन्ही प्लॅस्टिकच्या बाटलीतून न्यावं, तिथे काच आणि डबाबंद खाण्याला मनाई आहे.) साडूंनी पहिली तुकडी खाल्ली, दुसरी घेतली, तिसरी न विचारता घेतली. मग बोट चाटत म्हणाले, "आगळानं वास काढलो."

आता यात तथ्य नाही असं नाही. मातकट वास ज्याचा येतो त्या द्रव्याला जिओस्मिन म्हणतात. काही निळी-हिरवी शेवाळं आणि मातीतले जिवाणू ते तयार करतात, आणि ते माशाच्या चरबीत मुरतं. पहिल्या पावसाला जमिनीतून उठणारा वासही त्याचाच. आंबटाने ते मोडतं, म्हणून आपल्याकडे माशाला चिंच, कोकम, लिंबू लागतं. पण हे द्रव्य साठतं ते उबदार, शेवाळलेल्या, सांडपाणी-खतं येऊन पडणाऱ्या पाण्यात. उजनीच्या माशाला कधी वास आला तर तो वरच्या शहरांनी नदीत सोडलेल्या घाणीचा आहे, माशाचा किंवा धरणाऱ्याचा नाही. माझ्या वडिलांच्या लहानपणी भीमेचं पाणी ओंजळीने प्यायचे. बाउंड्री वॉटर्सचा खडक अडीच अब्ज वर्षांहून जुना, वरची माती हिमनद्यांनी खरवडून नेलेली, पाणी गार आणि कस नसलेलं. तिथे शेवाळाला खायलाच फारसं नाही. वास येणार कुठून?

हे सगळं मी साडूंना शेकोटीपाशी सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि "बघू" म्हणाले. दुसऱ्या संध्याकाळी मी आगळाची बाटली पिशवीतून काढलीच नाही. नुसतं मीठ आणि पीठ. त्यांनी समोर बसून पाहिलं, समोर बसून खाल्लं, आणि तवा रिकामा झाला. त्या रात्री ते वासाबद्दल काही बोलले नाहीत. मात्र गणपतीत सासुरवाडीच्या सगळ्यांसमोर पुन्हा तेच: "तो मासो बरो होतो, आगळ होता म्हणून." म्हणून हे सविस्तर लिहून ठेवतोय. दुसऱ्या दिवशी आगळ नव्हतं.

तुम्ही "कुठे कुठे" असं विचारलंय, तर बाकीची ठिकाणं. नुसता लेक ट्राउट हवा असेल तर बाउंड्री वॉटर्समध्येच नाइफ लेक, पण बर्फ वितळल्यावर लगेच जा. पाणी तापलं की तो खोल जातो आणि होडीतून हाती लागणं अवघड होतं. मोठा पाइक हवा तर बासवूड. राज्याचा ४५ पौंड १२ औंसांचा विक्रम १९२९ पासून त्याच तळ्याच्या नावावर आहे. पाइकमध्ये इंग्रजी वाय अक्षरासारखे काटे असतात म्हणून तिकडचे लोक तो टाकून देतात. आपण कटला खाल्लेली माणसं, आपल्याला काट्याचं काय? सरहद्दीपलीकडे ओंटारिओत क्वेटिको आहे, माणसं आणखी कमी, पण तिथे जिवंत आमिष चालत नाही आणि गळाला उलटा काटा चालत नाही. होडी वल्हवणं जमणारच नसेल तर लेक ऑफ द वुड्स किंवा रेनी लेकला मोटारबोट घ्या, मासा तिथेही उत्तम. विमानाने जायच्या लॉजवर मी पैसे घालणार नाही. स्वतः वल्हवून गाठलेल्या तळ्याची माहिती अंगात मुरते, कुठे वारा लागतो, कुठे खडक बुडालेला आहे. वाटाड्याच्या मागे बसून ती येत नाही. वय किंवा गुडघे आड येत असतील त्यांच्यासाठी अर्थात विमान ठीक आहे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. या तळ्यांतल्या माशांत पारा असतो. कोळशाच्या धुरातून हवेत जातो, पावसाबरोबर उतरतो आणि मोठ्या, म्हाताऱ्या शिकारी माशांत साठतो. स्वच्छ पाणी म्हणजे पारा नाही असं समजू नका. लहान मासा खा, मोठा सोडा. गर्भवती बाई किंवा लहान मुलं बरोबर असतील तर राज्याच्या आरोग्य खात्याचा तळ्यांनुसार तक्ता आधी बघाच. मे ते सप्टेंबर प्रवेशाचे परवाने मोजके असतात आणि जानेवारीअखेरीस खुले होतात. लेक वन लवकर संपतं. एका गटात नऊच माणसं चालतात. माश्या-डास नको असतील तर ऑगस्ट संपताना जा, मासा थोडा खोल मिळेल एवढंच. किती मासे ठेवायचे आणि किती लांबीचे, ते दर वर्षीच्या नियमांत पाहून घ्या.

आणि तुमच्या त्या मालवणच्या मित्रांना जरूर न्या. पहिल्या संध्याकाळी आगळ, चिंच, लिंबू काही काढू नका. मासा पाण्यातून येतो तिथपासून तव्यावर पडेपर्यंत त्यांना समोर बसवा, आणि खाऊन झाल्यावर वास आला का ते सगळ्यांसमोर विचारा.