कोल्हापुरात राहून रेझिनचे आणि मण्यांचे दागिने छंद म्हणून करायचे असतील, तर सुरुवात कशापासून करावी?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. नोकरी सांभाळून आठवड्याला चार-पाच तास मिळणार असतील तर आधी मणी शिकावेत की रेझिन, ऑनलाइन मिळणारा रेझिनचा मोठा संच आत्ता जुलैमध्येच मागवावा का, आणि केलेले दागिने पुढे विकता येतील का. गेली सात वर्षे मी घरी हे काम करते आहे, त्या अनुभवावरून सांगते. आता मणी घ्या, रेझिन दसऱ्यानंतर घ्या, आणि विक्रीचा विचार त्याच्याही पुढे ढकला.

मणी आधी का, याचे कारण असे की रेझिन हा साच्यात ओतून घट्ट होऊ द्यायचा द्रव आहे, आणि त्या साच्यातून बाहेर येतो तो फक्त खडा असतो. तो गळ्यात किंवा कानात नीट बसतो आणि टिकतो तेव्हा त्याचा दागिना होतो, आणि हे बसवण्याचे काम मण्यांच्या ओवणीतच शिकता येते. माझ्याकडे मैत्रिणींचे जे दागिने दुरुस्तीला परत आले, त्यांत रेझिनच तडकले आहे असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच वेळा झाले. बाकी सगळ्या वेळी कडी उघडली होती, दोरा झिजला होता किंवा गाठ सुटली होती.

ही गोष्ट मला पहिल्यांदा नीट समजली ती आत्याचा साज पुन्हा ओवायला आम्ही गुजरीजवळच्या एका पटवेकऱ्याकडे गेलो तेव्हा. परंपरेने कोल्हापुरी साजात एकवीस पाने सांगतात, त्यांत विष्णूच्या दहा अवतारांची दहा, अष्टमंगलांची आठ, माणिक आणि पाचूची दोन, आणि शेवटचे डोरले. आत्याच्या साजात तेवढी पाने नव्हती, पण ओवण्याची रीत तीच होती. पटवेकऱ्याने दोऱ्याचे एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवून दोरा ताणून धरला होता, आणि प्रत्येक मणी ओवण्याआधी तो त्याच्या भोकातून दोरा दोनदा मागेपुढे ओढून, त्या जागचे तंतू उजेडाकडे धरून पाहत होता. दोन मण्यांवर दोरा किंचित पिंजलेला दिसला, तेव्हा त्याने ते मणी बाजूला काढून ठेवले, कारण त्यांच्या भोकाची कड धारदार होती. दोन पानांच्या मधे बसणारे जवमणी शोभेपुरतेच असतात असे मी तोपर्यंत समजत होते. प्रत्यक्षात ते पानांना एकमेकांवर घासू देत नाहीत आणि उलटे पडूही देत नाहीत. तुमच्या रेझिनच्या पदकाच्या दोन्ही बाजूंना मणी किती आणि केवढे घ्यायचे, हे ठरवताना मला आजही तोच साज आठवतो.

तेव्हा पहिल्या खरेदीत काचेचे मणी, नायलॉनचा दोरा, गिअर वायर (मणी ओवायची बारीक तार), गिअर लॉक (त्या तारेचे टोक दाबून पक्के करणारे छोटे मणी), भाग जोडायच्या कड्या, आय पिन (एका टोकाला डोळा असलेली तारेची पिन), इअर हुक आणि दोन चपट्या तोंडाच्या पक्कडी एवढेच घ्या. महाद्वार रोडच्या दुकानांत फिरलात तर हे सगळे हाताळून घेता येते, आणि मण्यांच्या बाबतीत हाताळून घेणे फार महत्त्वाचे आहे. बारीक मण्यांचा नंबर जितका मोठा तितका मणी लहान असतो, म्हणजे ११ नंबरचा मणी साधारण २ मिलिमीटरचा आणि ८ नंबरचा साधारण ३ मिलिमीटरचा. आपल्याकडचा काचेचा माल बराचसा फिरोजाबादच्या बाजूने येतो. तो स्वस्त आणि रंगांनी समृद्ध असतो, पण एकाच पाकिटात जाड-बारीक मणी निघतात. मियुकी किंवा तोहो या जपानी कंपन्यांचे मणी एकसारखे असतात आणि त्यामुळे महागही असतात. शिकताना फिरोजाबादी मणीच घ्यावेत, असे माझे मत आहे, कारण मणी निवडून वेगळे करण्याची सवय त्यानेच लागते. ताटलीत पांढरा जाड कपडा पसरून त्यावर मणी ओतले की ते पळत नाहीत आणि वाकडे मणी लगेच डोळ्यांत भरतात.

कडी उघडण्याची रीत मात्र पहिल्याच दिवशी हातात बसवा. कडीची फट वर येईल अशी धरून दोन्ही बाजूंना एकेक पक्कड लावायची, आणि एक टोक स्वतःकडे तर दुसरे स्वतःपासून दूर, असे तिला मुरगळल्यासारखे उघडायचे. टोके बाहेरच्या बाजूला फाकवली की गोलाई मोडते, आणि मग कितीही दाबले तरी केसाएवढी फट राहतेच. बंद करताना टोके एकमेकांच्या थोडी पुढे नेऊन परत आणायची, म्हणजे जुळताना बारीक टक असा आवाज येतो. नंतर अंगठ्याचे नख जोडावरून फिरवून पाहा. नख अडकले तर कडी पुन्हा करायची. अशा शंभर कड्या करा म्हटले तर कंटाळवाणे वाटेल, पण शंभर कड्या एका संध्याकाळी होतात.

आता रेझिनकडे येते. दागिन्यांसाठी वापरतात ते इपॉक्सी रेझिन दोन बाटल्यांत मिळते, एकीत रेझिन आणि दुसरीत हार्डनर. हे मिश्रण वाळत नाही, तर दोघांची रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट होते. रेझिनच्या रेणूला जोडायला हार्डनरचा जोडीदार नेमका हवा असतो, आणि दोघांपैकी कोणताही बराच जादा झाला की तो बिनजोडीचा राहून खडा कायमचा चिकट किंवा लिबलिबीत राहतो. म्हणून लवकर घट्ट व्हावे म्हणून हार्डनर थोडा जास्त घालण्याची कल्पना मुळातच चुकीची आहे. बाटलीवर २:१ किंवा ३:१ असे प्रमाण लिहिलेले असते, ते वजनाचे आहे की आकारमानाचे हे आधी वाचा. दोन्ही द्रवांची घनता वेगळी असल्यामुळे आकारमानाचे प्रमाण काट्यावर वजनाने घेतले तर माप चुकते. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा यासाठी हवाच. एका वेळी १५ ते २० ग्रॅमपेक्षा कमी मिश्रण करू नका. अर्ध्या ग्रॅमची चूक २० ग्रॅममध्ये एक वेळ खपून जाते, पण ६ ग्रॅममध्ये ती सगळा घाणा बिघडवते.

ढवळताना घाई केली तर हवा आत जाते आणि कंटाळा केला तर मिश्रण कच्चे राहते. मी घड्याळ लावून चार मिनिटे, काडी तळाशी टेकवून, कडा आणि तळ खरवडत सावकाश ढवळते. मग ते दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून आणखी एक मिनिट ढवळते, कारण पहिल्या कपाच्या भिंतीला चिकटलेला भाग अनेकदा न मिसळलेलाच असतो आणि तोच शेवटी साच्यात उतरतो. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत रेझिन दाट होऊन बुडबुडे धरून ठेवते, तेव्हा बंद बाटली दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवावी आणि उघडण्याआधी बाहेरून पूर्ण कोरडी पुसावी. साच्यात वर आलेले बुडबुडे टाचणीने फोडता येतात. सिलिकॉनच्या साच्यावर लायटरची ज्योत फिरवू नका, त्याने साच्याची चकाकी जाते, आणि साचा आतून जसा असेल तशीच खड्याची कांती येते.

जुलैमध्ये रेझिन घेऊ नका, हे सांगण्याचे कारण स्वतःच्याच नुकसानीतून आले आहे. आपल्याकडे पंचगंगा पात्राबाहेर येते त्या दिवसांत दोरीवरचे कपडे तीन दिवस वाळत नाहीत, आणि त्याच हवेत हार्डनरमधली अमाइने नावाची रसायने ओलाव्याशी आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून खड्यावर मेणासारखा तेलकट थर आणतात. तो थर कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन निघतो, पण आत गेलेला धुरकटपणा निघत नाही. मी पहिल्या पावसाळ्यात बहिणीसाठी पारिजातकाच्या फुलांचे पदक केले होते. फुले वहीत आठच दिवस दाबून ठेवली होती, हाताला कोरडी लागत होती, म्हणून घेतली. तिसऱ्या आठवड्यात पाकळ्यांभोवती तपकिरी कडा आली, आणि दिवाळीपर्यंत आतले फूल चहाच्या चोथ्यासारखे दिसू लागले. आईच्या अंगणातल्या झाडाची ती फुले होती, आणि पदक आजही माझ्या खणात आहे.

फुलांतला ओलावा हाताला कळत नाही. हवाबंद डब्यात सिलिका जेलमध्ये फुले पुरून ठेवली तर त्या दाण्यांच्या बदलत्या रंगावरून ओलावा कळतो. निळ्याचे गुलाबी होणारे किंवा नारिंगीचे हिरवे होणारे दाणे मिळतात, आणि ताजे दाणे घालूनही त्यांचा रंग बदलेनासा झाला की फूल तयार समजावे. पारिजातकाची आणखी एक अडचण अशी की त्याच्या पातळ पांढऱ्या पाकळ्या रेझिन लागताच काचेसारख्या पारदर्शक होतात, आणि खड्यात फक्त केशरी देठ तरंगताना दिसतो. मला स्वतःला ते फार आवडते, पण पांढरा रंग हवा असेल तर वाळलेल्या पाकळीला पातळ केलेल्या फेविकॉलचा हात देऊन ती पुन्हा पूर्ण वाळू द्यावी लागते.

यूव्ही रेझिनचा मोह तुम्हाला नक्की होईल, कारण ते एकाच बाटलीत येते आणि दिव्याखाली काही मिनिटांत घट्ट होते. पातळ कामाला, म्हणजे खड्याला मागून हुक चिकटवायला किंवा वरून चकाकी द्यायला, ते उत्तम आहे. पण प्रकाश जिथपर्यंत पोहोचतो तिथपर्यंतच ते घट्ट होते. त्यामुळे एका वेळी २-३ मिलिमीटरपेक्षा जाड थर देऊ नये, आणि गडद अपारदर्शक रंग घातला तर वरून टणक आणि आतून ओले, असा फसवा खडा तयार होतो.

एका बाबतीत मात्र मी थोडी आग्रहाने लिहिते आहे. कच्चे रेझिन आणि हार्डनर, दोन्ही त्वचेला लागू देऊ नका, आणि यूव्ही रेझिनलाही हाच नियम लावा. पहिल्या दहा वेळा काही होत नाही, म्हणून माणूस निर्धास्त होतो, पण एकदा शरीराला त्याची ॲलर्जी जडली की पुढे थेंबभर लागूनही पुरळ उठते, आणि ती ॲलर्जी सहसा आयुष्यभर राहते. नायट्राइलचे हातमोजे वापरा. हाताला लागलेच तर साबण आणि पाण्यानेच धुवा, थिनर किंवा ॲसिटोनने नाही, कारण त्याने ते त्वचेत अधिक खोल जाते. कापडी मास्क वाफ अडवत नाही, त्यासाठी कार्बन फिल्टरचा मास्क लागतो, आणि तरीही काम गच्चीवर किंवा दोन्ही बाजूंनी हवा खेळणाऱ्या खोलीतच करावे. स्वयंपाकघरातली वाटी किंवा चमचा एकदा या कामाला घेतला की तो परत स्वयंपाकघरात जाता कामा नये. उरलेले मिश्रण मोरीत ओतू नका. कपातच घट्ट होऊ द्या आणि मग कचऱ्यात टाका.

खडा साच्यातून २४ तासांनी निघतो, पण पूर्ण टणक व्हायला बहुतेक रेझिनना ४८ ते ७२ तास लागतात, त्याआधी भोक पाडू नका. कडा घासताना वॉटर पेपर पाण्यात भिजवूनच वापरा, ४०० नंबरपासून ८००, मग १००० आणि शेवटी २०००. कोरडे घासले तर ती भुकटी श्वासात जाते. कानातल्यांना हुक घेताना बाजारी मिश्रधातूचे टाळा, कारण त्यातल्या निकेलने अनेकींचे कान सुजतात. सर्जिकल स्टीलचे घ्या, किंवा ९२.५ टक्के शुद्धतेच्या चांदीचे. चांदीच्या कामासाठी प्रसिद्ध असलेली हुपरी आपल्याच जिल्ह्यात आहे. तिथल्या कारागिराकडून मी साधे चांदीचे हुक करून घेते, आणि काम वाढले तरी तेवढा एक खर्च कमी करत नाही.

खर्चाचे म्हणाल तर मण्यांची माझी पहिली खरेदी साधारण ८०० रुपयांत झाली होती, आणि रेझिन, काटा, साचे, मास्क मिळून पुढे अडीच हजारांच्या आसपास गेले. तीस साच्यांचे मोठे संच घेऊ नका. त्यातले चार-पाचच साचे तुम्ही वापराल, आणि उघडलेली हार्डनरची बाटली पडून पिवळी पडते.

विकता येतील, पण आधी प्रत्येक प्रकारचा एक दागिना स्वतः महिनाभर रोज वापरून पाहा, घामात, गर्दीच्या बसमध्ये आणि साडीच्या पदराला अडकतानाही. विकताना दोन गोष्टी घेणाऱ्याला तोंडाने सांगा. इपॉक्सी उन्हाने हळूहळू पिवळे पडते आणि चांगल्या रेझिनमध्ये ते फक्त उशिरा होते. आणि मे महिन्यात उभ्या गाडीत ठेवलेला खडा मऊ पडून वाकू शकतो. ओळख झाली की लोक वरमाळेची फुले, बाळाचे जावळ, जोतिबाचा गुलाल अशा वस्तू घेऊन येतील. त्या वस्तू पुन्हा मिळणाऱ्या नसतात. तशाच प्रकारची फुले स्वतः वाळवून केलेले वीस खडे सहा महिने जसेच्या तसे राहिलेले पाहिल्याशिवाय मी पहिली वरमाळा घेतली नाही, आणि आजही जुलै-ऑगस्टमध्ये आलेली फुले मी फक्त वाळवून डब्यात ठेवते आणि खडा ऑक्टोबरात करून देईन असे सांगते.