ग्रीन कार्डवाल्याचं राष्ट्रीयत्व, आणि आय-9 वरची ती खूण

ग्रीन कार्ड मिळून बरीच वर्षं झाली, आता अमेरिकी नागरिकत्वासाठी एन-400 भरायचाय, तर राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात भारत लिहू की अमेरिका, असं तुम्ही विचारलंय. थोड्याफार फरकाने हाच प्रश्न सतत येतो. भारत लिहा. ग्रीन कार्ड ही राहण्याची आणि काम करण्याची परवानगी आहे, त्याने नागरिकत्व बदलत नाही. आपल्या 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 9 नुसारही दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं तरच भारताचं जातं. तिकडे शपथ घेईपर्यंत तुम्ही भारतीयच. मित्र काय सांगतात ते सोडून द्या.

तुमच्या पत्रात काळजीचं वाक्य वेगळंच आहे, आणि ते तुम्ही जाता जाता लिहिलंय. ग्रीन कार्डानंतरच्या पहिल्या नोकरीत रुजू होताना एचआरने पुढे केलेल्या आय-9 फॉर्मवर, म्हणजे अमेरिकेत काम करायचा हक्क कशाच्या आधारे आहे ते नव्या कामगाराने लिहून द्यायच्या कागदावर, 'आता आपण कायमचे इथलेच' असं समजून तुम्ही अमेरिकी असल्याच्या चौकटीत खूण केलीत. कोणत्या साली, ते लिहिलेलं नाही. नेमकी कोणती चौकट, तेही नाही. सही करण्याआधी चार ओळी वाचल्या असत्या तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं. पण झालं ते झालं. आता सगळं त्या दोन तपशिलांवर अडलंय.

अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात 1996 साली एक तरतूद आली. नागरिक नसताना केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याखालच्या एखाद्या लाभासाठी आपण नागरिक आहोत असा दावा केला, तर माणूस प्रवेशाला कायमचा अपात्र ठरतो, आणि ग्रीन कार्डवाला असेल तर त्याला देशाबाहेर काढायला तेवढं कारण पुरतं. 30 सप्टेंबर 1996 पासूनच्या दाव्यांना ती लागू आहे. इतर खोट्या माहितीसाठी निदान माफीचा अर्ज करता येतो. नागरिकत्वाच्या खोट्या दाव्यात स्थायिक होऊ पाहणाऱ्याला तोही नाही. आय-9 ज्या कलमाखाली भरतात, ते कलम तर कायद्यात नाव घेऊन आत ओढलेलं आहे. 'मला माहीत नव्हतं' यावर फार भिस्त ठेवू नका: हद्दपारीच्या या कलमासाठी दावा जाणूनबुजून केल्याचं दाखवावं लागत नाही, असं बोर्ड ऑफ इमिग्रेशन अपील्सने (इमिग्रेशन कोर्टांवरच्या अपील मंडळाने) 2019 मध्ये झांग प्रकरणात म्हटलंय.

आता चौकटी. 3 एप्रिल 2009 पासून वापरात आलेल्या आय-9 वर चार चौकटी आहेत. पहिली नागरिकाची. दुसरी 'नॉनसिटिझन नॅशनल'ची, म्हणजे अमेरिकेचं राष्ट्रीयत्व असलेल्या पण नागरिक नसलेल्यांची, मुख्यतः अमेरिकन सामोआत जन्मलेल्यांची. तिसरी परमनंट रेसिडेंटची, जी तुमची होती. चौथी बाकीच्या परवानाधारकांची. दुसरीत खूण असेल तर ती चुकीचीच, तिचं स्पष्टीकरण द्यावं लागेल, पण तो नागरिकत्वाचा दावा नव्हे आणि वरचं कलम त्यामुळे लागत नाही. पहिलीत असेल तर प्रकरण गंभीर. फॉर्म 2009 च्या आधीचा असेल तर चित्र आणखी वेगळं: तेव्हा 'नागरिक किंवा नॅशनल' अशी एकच चौकट होती, आणि तिच्यातल्या नुसत्या खुणेवरून नागरिकत्वाचा दावा सिद्ध होत नाही, असं नवव्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे काही राज्यांचा मिळून केंद्रीय अपील न्यायालयाचा विभाग) न्यायालयाने 2004 मध्ये एका फौजदारी खटल्यात धरलंय.

म्हणून आधी तो फॉर्म मिळवा. कंपनीने तो नेमणुकीपासून तीन वर्षं किंवा नोकरी सुटल्यापासून एक वर्ष, यातलं जे उशिरा संपेल तोवर ठेवायचा असतो. तुम्ही ती नोकरी केव्हाच सोडलीत, तेव्हा तो फाडून टाकलेला असू शकतो. तरी जुन्या एचआरला लेखी विचारा. सोबत अमेरिकेच्या माहितीच्या अधिकाराखाली स्वतःची ए-फाइल, म्हणजे इमिग्रेशन खात्याकडची तुमची फाइल, मागवा. कायद्यात उत्तराला 20 कामाचे दिवस दिलेत. त्या कागदावरच्या मुदतीवर विसंबून कामाचं नियोजन करू नका.

कागद सापडला नाही म्हणून एन-400 वर 'नाही' लिहायचं, हा विचार मनात आला असेल तर काढून टाका. कधीही, लेखी किंवा अन्य प्रकारे, नागरिक असल्याचा दावा केलाय का, हा प्रश्न त्यात सरळ आहे आणि मुलाखत शपथेवर होते. जुन्या चुकीवर युक्तिवाद करता येतो. शपथेवरच्या नव्या खोट्याने तोही हातचा जातो.

चूक स्वतःहून, वेळेत, कोणी पकडण्याआधी मागे घेतली तर काही वेळा ग्राह्य धरतात. इतक्या वर्षांनी 'वेळेत' कशाला म्हणायचं हे मी इथून सांगणार नाही. कामाची परवानगी तुमच्याकडे होतीच, मग खोट्या खुणेने लाभ कसला, हा मुद्दा वकील मांडू शकेल; कितपत चालेल ते तुम्ही कोणत्या सर्किटमध्ये राहता त्यावर. अगदी शेवटी, ग्रीन कार्डला पाच वर्षं आणि रीतसर प्रवेशानंतरचं सलग वास्तव्य सात वर्षं असेल तर न्यायाधीशापुढे हद्दपारी रद्द करून मागता येते. ते मात्र त्याच्या मर्जीवर, आणि तिथल्या इमिग्रेशन कोर्टात निकालाला वर्षं लागतात.

वकिलाशी बोलेपर्यंत एन-400 टाकू नका, लांबचा परदेश प्रवास ठरवू नका. आणि लायसन्स काढताना मतदार नोंदणीच्या, म्हणजे पुन्हा नागरिक असल्याचं लिहून देणाऱ्या, कागदावरही सही केली होती का, ते आठवून पाहा. राज्याच्या मतदार यादीत नाव निघालं, तर आय-9 नंतर बघू. आधी तिथल्या इमिग्रेशन वकिलाला गाठा, आणि त्याला विचारल्याशिवाय ते नाव काढायलाही जाऊ नका.