जुन्या दगडी भिंतीच्या दरजांत सिमेंट भरावं का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: शंभरेक वर्षांची दगडी इमारत आहे, दरजांमधला, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतला, चुना झडतोय, आतल्या बाजूला ओल दिसते, आणि गवंडी म्हणतोय की सगळं खरवडून सिमेंट भरू, मग पन्नास वर्षं बघायला नको.

भरू नका. मी जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीचीच कामं करतो आणि त्यातला बराच वेळ आधी कुणीतरी हौसेनं भरलेलं सिमेंट काढण्यात जातो.

चुन्यातली भिंत पाणी पूर्ण अडवत नाही. ती थोडं शोषते आणि ऊन-वारा लागला की सोडून देते. हे सोडणं बरंचसं दरजांतून होतं, कारण तिथला चुना सच्छिद्र असतो. दरज सिमेंटनं बंद केली की ओलीला दगडातूनच बाहेर पडावं लागतं. येताना ती क्षार घेऊन येते. पाणी उडून जातं, पण क्षारांचे स्फटिक दगडाच्या पृष्ठभागामागे वाढत राहतात आणि पापुद्रे सुटू लागतात. सिमेंटमध्ये स्वतःचे विद्राव्य क्षार असतात ते वेगळेच. मऊ दगडाच्या अशा भिंतीजवळ जाऊन बघा: सिमेंटच्या रेघा ठणठणीत पुढे आलेल्या, मधले दगड बशीसारखे आत खचलेले, आणि बोट फिरवलं तर पूड हाताला लागते. गवंड्याचा शब्द खरा ठरतो, सिमेंट पन्नास वर्षं टिकतं. दगड टिकत नाही.

त्यामुळे तुमचा चुना झडतोय हे मी बिघाड मानणार नाही. झिजायचं तर दरजेनं झिजावं, दगडानं नाही, हाच त्या बांधकामाचा हिशेब आहे. दरज पुन्हा भरता येते.

अथेन्सच्या पार्थेनॉन या प्राचीन मंदिराची गोष्ट या बाबतीत बोलकी आहे. मूळ कारागिरांनी संगमरवराचे ठोकळे लोखंडी पट्ट्यांनी जोडताना त्यांवर शिसं ओतलं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दुरुस्तीत शिशाशिवाय लोखंड वापरलं गेलं. लोखंड गंजलं, फुगलं आणि त्यानं संगमरवर फोडला. 1980च्या दशकापासून ते काढून टायटॅनियम घालत आहेत, आणि तेही असं की जास्त ताण आला तर आधी जोड तुटावा, संगमरवर नाही. दुरुस्ती मूळ वस्तूपेक्षा थोडी कच्ची ठेवायची, हे सांगितलं की कंत्राटदार हसतात. हसू द्या.

आता तुमचं काम. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. दरजांना त्यानंतर हात लावा. पन्हळ तुंबलीय का, तिचा पाइप भिंतीवरच सांडतोय का, बाहेरची जमीन भर घालून घालून आतल्या फरशीपेक्षा वर गेलीय का, आतून प्लास्टिकचा रंग फासलाय का. भर पावसात छत्री घेऊन इमारतीभोवती एक फेरी मारली तर यातलं बरंच डोळ्यांना दिसतं. निम्म्या इमारतींची ओल इथेच सुटते असं माझं मत आहे.

दरजा खरवडायच्या त्या छन्नी-हातोडीनं, आणि फक्त जिथे चुना भुसभुशीत झालाय तिथेच. ग्राइंडर लावू देऊ नका. दगडाच्या कडा कापल्या जातात आणि बारीक दरज कायमची रुंद होते. खोली दरजेच्या रुंदीच्या निदान दुप्पट घ्या, नाहीतर नवा माल पापडासारखा सुटतो. जुन्या मालाचा एक तुकडा तपासून घ्या. आम्लात चुना विरघळतो आणि खाली वाळू उरते, तिचा रंग आणि जाडी बघून तशीच वाळू निवडायची. ‘चिकटायला थोडंसं सिमेंट टाकू’ याला नाही म्हणा. चुना लवकर घट्ट व्हायला हवा असेल तर विटांची बारीक पूड घालता येते.

सगळ्यात कंटाळवाणा भाग पुढचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होतो आणि त्याला वेळ लागतो. भरण्याआधी दरज ओली करायची, नंतर गोणपाट लावून काही दिवस दमट ठेवायचं. कडक उन्हात किंवा गोठवणाऱ्या थंडीत हे काम काढूच नये. जी कामं फसतात त्यांत चुन्यापेक्षा घाईचा दोष जास्त असतो.

इमारत वारसा यादीत असेल तर आधी परवानगी लागेल, ते विसरू नका. आणि काम एकदम सगळीकडे सुरू करू नका. मागच्या बाजूला हातभर जागेत नमुना करून घ्या, पूर्ण वाळू द्या आणि मग रंग जुळतोय का बघा. ओला चुना नेहमी फसवतो.

कुठे आधीच सिमेंट भरलेलं असेल तर ठोकून बघा. पोकळ वाजलं तर अलगद निघेल, काढा. दगडाला घट्ट धरून बसलं असेल आणि दगड धड असेल तर तूर्त राहू द्या. ते काढताना जेवढ्या कडा फुटतील, तेवढं नुकसान ते तिथे राहून करत नसेल.