मुखपृष्ठावर विदर्भातला शेतकरी नेहमी बिचाराच का दिसतो? फोटोग्राफर हे मुद्दाम करतात का?

बरंचसं ठरवूनच होतं. यवतमाळ जिल्ह्यात माझा छोटा स्टुडिओ आहे. लग्नांसोबत शेतीविषयक अंकांसाठीही फोटो काढतो. माणसाला कसं बसवलं, उजेड कुठून घेतला आणि अंगावर काय ठेवलं, यावर फोटोचा अर्थ ठरतो.

कपड्यांचंच बघा. आमच्याकडे कापूस वेचणाऱ्या बाया साडीवर नवऱ्याचा नाहीतर पोराचा जुना फुलबाह्यांचा शर्ट घालतात, कमरेला ओटी बांधतात. बोंडांची वाळकी टोकं हात ओरबाडतात म्हणून तो शर्ट. संपादकाला मात्र काठाची साडी आणि डोक्यावर पदर हवा असतो. एका मावशीला मी तसं विचारलं, तर म्हणाल्या, "शर्ट काढला तं हात सोलतात ना बाप्पा!" मी शर्ट राहू दिला. खिशाजवळचा शाईचा डाग, कोपरावरचं ठिगळ, बाहीला चिकटलेला कापूस, सगळं फोटोत आलं. काम करणारी बाई दिसली. पदरात तीच सणाला निघाल्यासारखी दिसली असती.

पोजचं तर ठरलेलंच आहे. भेगाळलेल्या जमिनीवर उकिडवं बसवायचं, हात कपाळाला, नजर आभाळाकडे, आणि फोटोग्राफर उभा राहून वरून फोटो घेणार. बघणारा वर, शेतकरी खाली. त्यात त्या भेगांचाही अर्थ चुकीचा लावला जातो. आपली काळी जमीन ओल धरली की फुगते, सुकली की आकसते. पाऊस चांगला झाला असला तरी मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्याच माणसाला धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभं करा, कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा आणि सरळ लेन्समध्ये बघायला सांगा. अमेरिकी फोटोग्राफर स्टीव्ह मॅककरीचं 'नॅशनल जिओग्राफिक' मासिकाचं जून 1985 चं मुखपृष्ठ आठवा. पेशावरजवळच्या छावणीतली निर्वासित अफगाण मुलगी, अंगावर फाटकी शाल, तरी तिची कीव येत नाही, कारण ती आपल्या डोळ्यांत बघते. मागचा हिरवा रंग तिच्या हिरव्या डोळ्यांना आणखी उठाव देतो आणि तांबूस शालीमुळे चेहरा वेगळा उठून दिसतो.

उजेडाची ताकद समजून घ्यायची तर जून 1994 ची दोन मुखपृष्ठं शेजारी ठेवा. ओ. जे. सिम्पसन हा अमेरिकेतला माजी फुटबॉलपटू, त्याच्यावर घटस्फोटित बायकोच्या खुनाचा आरोप होता. पोलिसांनी काढलेला त्याचा एकच फोटो 'टाइम' आणि 'न्यूजवीक' या दोन्ही अमेरिकी साप्ताहिकांनी छापला. 'टाइम'ने तो काळवंडवला. चेहरा तोच, नजर तीच, पण खटला उभा राहण्याआधीच माणूस गुन्हेगार भासू लागला. कृष्णवर्णीय माणसाला आणखी काळा केला म्हणून त्यावर मोठी टीका झाली, आणि ती रास्तच होती.

आपल्याकडे हेच काम दुपारचं ऊन करतं. ते डोक्यावरून येतं, डोळ्यांच्या खोबणीत अंधार पडतो, गालफडं वर येतात आणि धडधाकट माणूस आजारी दिसतो. त्याला छपरीत उजेडाकडे तोंड करून बसवलं की डोळ्यांत चमक येते. खांद्यावर पांढरा दुपट्टा असला तर आणखी सांभाळावं लागतं. पांढऱ्यामुळे कॅमेऱ्याला उजेड जास्त वाटतो, तो फोटो गडद करतो आणि रापलेला चेहरा पार काळा पडतो. म्हणून एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, नेहमी चेहऱ्यावरूनच ठरवायचं.