पहिलं पिस्तूल आहे ना, मग कॉम्पॅक्टच घे, म्हणजे मधल्या आकाराचं
एकदम खिशात मावणारं छोटं नको घेऊस, ते हातात जाम उसळतं. ग्लॉक १९ सारखं कॉम्पॅक्ट बरं, ९ बाय १९ मिमीची गोळी, मॅगझिनमध्ये (ग्रिपमध्ये बसणारी गोळ्यांची डबी) १५ राउंड म्हणजे गोळ्या, नळी साधारण १०२ मिमी आणि ग्रिपवर करंगळीपण नीट बसते. सरावाला ११५ नाहीतर १२४ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) फुल मेटल जॅकेट, म्हणजे धातूचं आवरण असलेली गोळी वापर, हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला पोकळ असलेली, महाग पडते आणि कागदी टार्गेटला ती हवीय कशाला. आणि मॅगझिन काढलं की पिस्तूल रिकामं झालं असं अजिबात समजू नको, एक गोळी चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते ती जागा) राहिलेली असू शकते, ग्लॉकमध्ये मॅगझिन नसतानाही ट्रिगर दाबला की ती सुटते, म्हणून आधी मॅगझिन काढ, मग स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे ओढून लॉक कर, चेंबर डोळ्यांनी बघ, वर बोटानेपण चाचपून बघ.