छोट्या कॅम्पिंग ट्रेलरमध्ये स्वयंपाकासाठी कोणती भांडी न्यावीत आणि काय शिजवावे?

आपण लिहिले आहे की दोन माणसांना झोपता येईल एवढा छोटा ट्रेलर आपण घेतला आहे, त्याच्या मागच्या झाकणाखाली जेमतेम चार फुटांचा कट्टा आहे, आणि नागपूरहून पेंच, चिखलदरा किंवा पचमढीकडे दोन-तीन दिवसांसाठी जाताना त्या कट्ट्यावर काय ठेवावे व काय शिजवावे हे आपल्याला ठरवायचे आहे. मी आणि माझी पत्नी अशाच ट्रेलरमधून गेली काही वर्षे फिरत आहोत आणि वाटेतला स्वयंपाक बहुतेक वेळा मीच करतो. माझे सांगणे असे की नवा संच विकत घेण्याआधी स्वतःच्या घरातील मांडणीकडे एकदा नीट पाहावे, कारण कमी जागेत मावणारे स्वयंपाकघर आपल्या आजीच्या पिढीने आधीच तयार करून ठेवलेले आहे.

कॅम्पिंगच्या दुकानांत दांडा काढता-घालता येणारी, एकात एक बसणारी भांडी बऱ्याच किमतीला मिळतात. त्यांच्या बाजूने सांगितला जाणारा मुख्य गुण हा की दांडा वेगळा झाल्यामुळे भांडी आटोपशीर बसतात. पण आपली काठाची पातेली, ज्यांना आपल्या भागात गंज म्हणतात, मुळातच बिनदांड्याची असतात, ती उतरंडीसारखी एकात एक बसतात, आणि ती सगळी उचलायला एक सांडशी पुरते. इतवारीतील भांड्यांच्या दुकानांतून मी जाड बुडाची तीन स्टीलची पातेली मापात माप बसेल अशी निवडून आणली, त्यांच्यावर झाकण म्हणून चालतील अशा दोन खोलगट थाळ्या घेतल्या, आणि तेव्हापासून भांड्यांचा विषय आमच्यापुरता संपला. खरेदीला जाताना कट्ट्याखालच्या कप्प्याची उंची मोजपट्टीने मोजून सोबत न्यावी. थर लावल्यावर अर्धा इंच जास्त झाला तरी झाकण लागत नाही.

नॉनस्टिक भांडी मात्र नेऊ नयेत. पहिल्या सहलीला आम्ही नॉनस्टिक कढई आणि लांब दांड्याचा कुकर नेला होता. देवलापारच्या पुढे आडरस्त्याला लागल्यावर दोन्ही भांडी तासभर एकमेकांवर घासली आणि कढईचा थर जागोजागी निघाला. त्याच धक्क्यांत मिसळणाच्या डब्याचे झाकण उघडून हळद आणि तिखट अंथरुणात गेले, आणि ती रात्र आम्ही शिंकत काढली. आता मिसळणाचा गोल डबा घरीच राहतो. हळद, तिखट, मोहरी, जिरे आणि हिंग फिरकीच्या झाकणाच्या पाच लहान बाटल्यांत जातात, आणि भांड्यांच्या प्रत्येक थरामध्ये जुन्या सुती साडीचा तुकडा असतो, जो पुढे पुसायलाही उपयोगी पडतो.

कुकरशिवाय मात्र जाऊ नये. दोघांना तीन लिटरचा पुरतो, आणि तो लांब दांड्याऐवजी दोन्ही बाजूंना आखूड कान असलेला मिळाल्यास उत्तम. त्यात बसणारे दोन डबे घेतले की खाली तुरीचे वरण आणि वर भात एकाच आचेवर होतो. प्रवासात हेच डबे चहापत्ती, साखर आणि डाळ भरून कुकरच्या पोटातच ठेवावेत, म्हणजे आतली जागा वाया जात नाही. चिखलदरा आणि पचमढी ही दोन्ही ठिकाणे समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच असल्यामुळे तिथे पाणी सुमारे ९६ अंश सेल्सिअसलाच उकळते, आणि उघड्या पातेल्यातील तुरीची डाळ शिजायला घरापेक्षा बराच जास्त वेळ आणि गॅस लागतो. कुकरमध्ये मात्र दाबामुळे तापमान १२० अंशांच्या आसपास जाते. डाळ अर्धा तास भिजवावी, तीन शिट्ट्या घ्याव्यात, गॅस बंद करावा आणि कुकर गोधडीत गुंडाळून वीस मिनिटे ठेवावा. उरलेले शिजणे आतल्या उष्णतेवर होते आणि गॅस तेवढा वाचतो.

जागेइतकाच वजनाचाही विचार करावा, आणि ही गोष्ट मला फार उशिरा कळली. आपला कट्टा ट्रेलरच्या शेपटाकडे आहे. तिथे लोखंडी तवा, खलबत्ता आणि पाण्याची २० लिटरची कॅन ठेवली तर मागचा भार वाढून ट्रेलर वेगात डोलू लागतो, आणि ते डोलणे महामार्गावर खरोखर धोक्याचे असते. पाण्याची कॅन आणि धान्य चाकांच्या आसाजवळ किंवा किंचित पुढे, तळाशी ठेवावे. मागे केवळ शेगडी आणि भांडी असावीत.

गॅसबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण इथे चूक परवडत नाही. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर घरासाठी दिलेला असतो आणि तो या ट्रेलरला फार मोठाही आहे. ५ किलोचा लहान सिलिंडर घ्यावा. आता कंपोझिटचाही मिळतो, ज्यातून गॅसची पातळी बाहेरून दिसते. तो ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर, तळाला छिद्रे असलेल्या पेटीत, उभा आणि पट्ट्याने आवळून ठेवावा. हा वायू हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे गळती झाली तर तो वर निघून न जाता तळाशी साचतो, आणि ट्रेलरमध्ये आपले अंथरूण तळाशीच असते. रस्त्याच्या धक्क्यांनी जोड सैल होतात, म्हणून प्रत्येक मुक्कामी नळी जोडल्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्यावर कोरलेले असते. हुकाच्या काट्याला लावून वजन केले की आत किती गॅस उरला आहे ते लगेच कळते. आम्हा दोघांना तीन दिवसांत साधारण अर्धा किलो लागतो.

पेटीसारख्या शेगडीत बसणारी ब्यूटेनची लहान डबी अनेकांना सोयीची वाटते, आणि थंडीच्या दिवसांत मीही ती वापरतो. पण त्या डबीवर ५० अंशांपेक्षा जास्त उष्णतेत ठेवू नये असे छापलेले असते, आणि नागपुरात मे महिन्यात सावलीतच पारा ४५ अंशांच्या घरात असतो. उन्हात उभ्या केलेल्या बंद ट्रेलरमध्ये तो ५० अंश सहज ओलांडतो. मार्चनंतर ही डबी ट्रेलरमध्ये ठेवून जाऊ नये. वारा अडवण्यासाठी शेगडीला चहूबाजूंनी पत्रा लावणेही तितकेच चुकीचे, कारण आत कोंडलेली उष्णता डबीपर्यंत पोहोचते. वाऱ्याच्या बाजूला एकच आडोसा पुरे. पाऊस आला तरी दार बंद करून आत शेगडी पेटवू नये; कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

इंडक्शनचा मोह मलाही झाला होता. हिशेब असा आहे की १५०० वॅटची शेगडी १२ व्होल्टच्या बॅटरीतून १२५ अँपिअर ओढते, इन्व्हर्टरमधील घट वेगळीच. १०० अँपिअर-अवरच्या साध्या लेड-अॅसिड बॅटरीतून निम्मीच वीज वापरणे योग्य असल्याने एक कुकर होईपर्यंत ती बसते. रिसॉर्टच्या आवारात वीज मिळणार असेल तरच इंडक्शन न्यावे.

आता शिजवायचे काय, या प्रश्नाकडे येतो. पोळ्या लाटायचा आग्रह सोडल्यास पोळपाट, लाटणे, परात आणि तासभर काम वाचते. दुधात मळलेल्या दशम्या हिवाळ्यात दोन दिवस सहज टिकतात, त्यांच्याबरोबर जवसाची चटणी आणि कच्चा कांदा असला की दुपारचे जेवण शेगडी न पेटवताच होते. रात्री भात करावा, आणि एकाच भांड्यात होणाऱ्या भातांत आपल्या वऱ्हाड-नागपूरकडचा गोळाभात मला सर्वांत सोयीचा वाटतो. मी चणाडाळीचा भरडा अर्धी वाटी घेऊन त्यात तिखट, हळद, मीठ, जिरे आणि ओवा घरीच मिसळतो आणि पिशवीत बांधतो. मुक्कामी पोहोचल्यावर वाटीभर तांदूळ सव्वादोन वाट्या पाण्यात शिजत टाकायचे, तोवर भरड्यात दोन चमचे कडकडीत तेलाचे मोहन घालून पाण्याच्या हबक्याने घट्ट गोळे वळायचे. पाणी तांदळाच्या पातळीला आले आणि भातावर लहान लहान भोके दिसू लागली की गोळे वर अलगद ठेवायचे, झाकण लावायचे आणि अगदी मंद आचेवर बारा मिनिटे हात लावायचा नाही. गोळा मोडून पाहावा. आत कोरडा आणि दाणेदार निघाला म्हणजे वाफ बरोबर बसली, चिकट निघाला तर आणखी पाच मिनिटे द्यावीत. तोच गोळा भातात कुस्करून वर मोहरी, हिंग, लसूण आणि लाल मिरचीच्या फोडणीचे तेल घालावे. हे तेल मी घरून लहान बाटलीत नेतो, त्यामुळे कढई काढावी लागत नाही.

सकाळसाठी रवा घरीच फोडणी देऊन भाजून न्यावा. एक वाटी रव्यावर अडीच वाट्या उकळते पाणी ओतून पाच मिनिटे झाकले की सांजा तयार होतो. उन्हाळ्यात वाळवून ठेवलेल्या मूगवड्या वजनाला हलक्या असतात आणि कांद्याबरोबर कुकरमध्ये दोन शिट्ट्यांत त्यांची भाजी होते. मटणाचा रस्सा हवाच असेल तर तो घरी करून गोठवून न्यावा आणि पहिल्याच रात्री संपवावा.

ताटे धुण्यातच निम्मे पाणी जाते. म्हणून आम्ही पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण नेतो आणि खरकट्यासह बांधून परत आणतो. मीठ-तेल लागलेली पाने मागे राहिली तर वासाने जनावरे येतात, आणि पेंचच्या परिसरात ही गोष्ट साधी नाही. भांडी आधी कापडाने पुसून मग फवाऱ्याच्या बाटलीने धुतली तर दोघांच्या एका जेवणाला दीड लिटर पाणी पुरते. स्वयंपाक नेमलेल्या मुक्कामाच्या जागीच करावा. राखीव वनात नियमांविरुद्ध आग पेटवणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे.

निघण्यापूर्वी एक शनिवार-रविवार ट्रेलर घराच्या अंगणातच उभा करून दोन्ही दिवसांचे जेवण त्याच कट्ट्यावर करावे आणि स्वयंपाकघरात पाऊल टाकू नये. ज्या वस्तूसाठी आत जावे लागले ती लिहून ठेवावी, आणि ज्या वस्तूला दोन दिवसांत हात लागला नाही ती कप्प्यातून काढून टाकावी. आमच्या कप्प्यातून अशा रीतीने खलबत्ता, दुसरी कढई, किसणी आणि चार वाट्या निघाल्या. आत गेली ती सांडशी टांगायची एक खुंटी.