मूळ गावी जमायचे, पण कशासाठी?

प्रश्न : आमचे मूळ गाव गुहागर तालुक्यात आहे. आजोबा गिरणीतल्या नोकरीसाठी मुंबईत आले आणि परळला राहिले. आता आमच्या आडनावाची घरे दहिसर, डोंबिवली, पुणे, बडोदा अशी पांगली आहेत. गेली तीन वर्षे आम्ही सहा-सात जण वंशावळ जुळवीत आहोत आणि साठेक जणांचे दोन दिवसांचे संमेलन गावी घ्यावे, असे ठरत आहे. काही जण म्हणतात, गणपतीत सगळे तिथे असतातच, तेव्हाच उरकावे. काही मे महिना सुचवतात. तयारी कुठून करावी?
— एक वाचक, दहिसर

उत्तर : गणपतीत सगळे गावी असतात हे खरे, पण त्या दिवसांत रिकामे कोणीच नसते. आरत्या, भजने, गौरीचे जेवण आणि परतीच्या गाडीची चिंता यांतून ऐंशी वर्षांच्या काकूंजवळ बसून ‘तुमच्या सासूबाईंचे माहेर कुठले?’ असे विचारायला निवांत अर्धा तास मिळत नाही. शिमग्यात पालखी दारी येणार असते, तेव्हाही हीच गत. मे महिन्यात मुलांना सुटी असते आणि झाडावर आंबा असतो, परंतु विहिरी तळाला गेलेल्या असतात. साठ पाहुण्यांच्या आंघोळीचे पाणी गावावर लादणे बरे नव्हे. भाताची कापणी-झोडणी आटोपल्यावरचा, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ मला सर्वांत सोयीचा वाटतो. रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते, त्यामुळे तारीख निदान तीन महिने आधी पक्की हवी. चिपळूण स्थानकापासून गुहागर सुमारे ४५ किलोमीटर आहे. तेवढ्या टप्प्यासाठी गाड्यांची सोय वेगळी करावी लागेल.

शनिवार-रविवार ठरवाल तर एक अडचण ध्यानात ठेवावी. राज्य शासनाच्या कार्यालयांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, म्हणजे सगळे जमतील त्या दोन्ही दिवशी तहसील कार्यालय बंद असणार. जुने वारस फेरफार (मृत खातेदाराच्या जागी वारसांची नावे लागल्याच्या नोंदी) आणि गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात आणि ज्यात पूर्वी गावातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी होत, यांच्या नकला हव्या असल्यास अर्ज काही आठवडे आधी द्यावा आणि नकला घेण्यासाठी दोघांनी गुरुवारीच पुढे जावे. गावच्या जिल्हा परिषद शाळेचे जुने जनरल रजिस्टरही मुख्याध्यापकांच्या परवानगीने पाहता येते. त्यात मुलाच्या नावासमोर जन्मतारीख आणि पालकाचे नाव असते.

आता मूळ अडचणीकडे येतो, जी आपण पत्रात लिहिलेली नाही. मुंबईची माणसे अचानक जुने फेरफार मागू लागली की गावातले भाऊबंद सावध होतात. सातबाऱ्यावर आजही सामायिक नावे असतात, कसणारा एक आणि हिस्सेदार वीस. अशा वेळी वंशावळीचा तक्ता म्हणजे वाटणीच्या दाव्याची पूर्वतयारी, असा अर्थ कोणी लावला तर त्याला दोष देता येत नाही. एका संमेलनाची तयारी याच संशयावर मोडलेली मी पाहिली आहे; तिथे वंशावळीसोबत आठ-अचे, म्हणजे कोणाच्या खाती किती जमीन ते दाखवणारे, उतारेही वाटले गेले होते. तेव्हा पहिल्याच पत्रात स्पष्ट लिहावे की जमीन, घर आणि हिस्सा हे विषय या दोन दिवसांत निघणार नाहीत, आणि ते पत्र छापील न पाठवता गावातल्या थोरल्या घरी कोणीतरी स्वतः नेऊन द्यावे. फेरफार हवेत ते त्यातल्या नावांसाठी. चालू सातबारा सोबत नेऊच नये.

दुसरी गोष्ट स्वयंपाकघराची. घरच्या वहिनी आणि काकू दोन दिवस साठ पानांचे रांधत बसल्या, तर ज्यांच्याकडून ऐकायचे त्याच चुलीपाशी अडकतात. जेवणाचे काम पैसे मोजून गावच्या महिला बचत गटाला द्यावे. मुक्कामासाठी गुहागर, वेळणेश्वर, हेदवी या किनाऱ्यावर घरगुती निवासाच्या सोयी आहेत. घरात फक्त वयस्करांनी राहावे. पहिल्या सकाळी ग्रामदेवतेच्या देवळात जाऊन गुरवांकडून रिवाजाप्रमाणे गाऱ्हाणे घालून घ्यावे. मग भाषणे, सत्कार, शाली आणि नारळ यांना फाटा दिला, तर निदान तीन तास वाचतील.

त्या तीन तासांत करायचे काय, हे सांगतो. वंशावळ फ्लेक्सवर छापून आणू नये. छापलेले पाहिले की माणसे मान डोलावतात आणि चूक दाखवायला संकोचतात. पांढऱ्या कागदाचे मोठे तक्ते पडवीच्या भिंतीला लावावेत, प्रत्येकाला दोरीने पेन्सिल बांधावी आणि रिकाम्या जागा मुद्दाम रिकाम्याच ठेवाव्यात. आपल्या बहुतेक वंशावळी पुरुषांच्या नावांच्या असतात. मुलगी लग्न होऊन गेली की तिची रेघ तिथेच तुटते, सून आली की तिचे माहेरचे नाव कोणी लिहीत नाही. हे भरून काढायचे तर आत्यांना आणि माहेरवाशिणींना आग्रहाने बोलवावे लागेल. त्यांना अनेकदा भावांपेक्षा जास्त आठवते.

कागद नसतील तर भांडी पाहावीत. आमच्या माळ्यावर एक पितळी तपेले उपडे पडलेले होते. त्याच्या काठावरचे ठिपक्याठिपक्यांचे कोरीव काम झिजल्यामुळे वाचता येत नव्हते. चुलत बहिणीने त्यावर चिमूटभर तांदळाचे पीठ चोळले, आणि पांढऱ्या ठिपक्यांत पणजीचे माहेरचे नाव, त्यापुढे ‘हिस मामाकडून’ आणि ‘वैशाख शके १८५१’ ही अक्षरे उमटली. शकात ७८ मिळवले की १९२९ साल येते. कुठल्याही वहीत नसलेले आडनाव आम्हांला त्या तपेल्याने दिले. संमेलनाच्या निमंत्रणातच लिहावे की ज्याच्याकडे नाव घातलेले जुने भांडे, लग्नपत्रिका किंवा फोटो असेल, त्याने तो बरोबर आणावा. फोटो मागच्या बाजूनेही पाहावा.

प्रश्न : आजेसासऱ्यांच्या ट्रंकेत मोडीतले पंधरा-वीस कागद सापडले. संमेलनात दाखवण्यासाठी ते लॅमिनेट करून घ्यावेत का? आणि ते वाचणार कोण?
— एक वाचक भगिनी, गिरगाव

उत्तर : लॅमिनेट मुळीच करू नयेत, उष्णतेने कागद आणि प्लॅस्टिक कायमचे एक होतात आणि पुन्हा सुटे करता येत नाहीत. चिकटपट्टीही लावू नये. खिडकीजवळ, पण उन्हात नव्हे, असे ठेवून मोबाइलवर दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत आणि गावी तीच न्यावीत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत मोडी नित्य व्यवहारात होती, त्यामुळे असे कागद पुष्कळ घरांत आहेत, आणि मोडी वाचायला शिकलेली नवी मंडळीही आता बरीच आहेत. वाचून घेण्यापूर्वी एवढे पाहावे की कागद कसला आहे: कर्जरोखा, खोताची (गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराची) पावती की खासगी पत्र. खोती १९४९ च्या कायद्याने संपली, म्हणून खोताच्या पावत्यांतील नावे त्याआधीच्या पिढीची असण्याचा संभव जास्त. त्र्यंबकेश्वर, पंढरपूर किंवा गयेच्या तीर्थपुरोहितांकडील वह्यांचाही या कामी उपयोग होतो. मात्र तिथे आडनावाबरोबर मूळ गाव सांगावे लागते, मुंबईचा पत्ता चालत नाही.

प्रश्न : आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. इस्राएलमध्ये स्थायिक झालेले आमचे वीस नातलग पूर्वजांचे गाव पाहायला येत आहेत. पुढच्या पिढीला मराठी थोडीच समजते. दोन-तीन दिवसांत काय दाखवावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपल्या समाजाचा शोध आडनावापासूनच सुरू होतो. पेणकर, किहीमकर, नवगावकर, दिवेकर ही नावे म्हणजे गावांचे पत्तेच आहेत. प्रत्येक कुटुंबाने आपापल्या ‘कर’चे गाव नकाशावर आधी शोधून ठेवावे. मुंबईत एक दिवस पुरे. मांडवीतील शाआर हाराहमीम हे १७९६ साली सामुएल एझिकेल दिवेकर यांनी बांधलेले सभागृह, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनामंदिर (सिनेगॉग), पाहावे. ‘मशीद’ हे शेजारच्या रेल्वे स्थानकाचे नाव त्यावरून पडले असे सांगतात, आणि पाहुण्यांना ही गोष्ट हमखास आवडेल. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते. पुढे अलिबागच्या इस्राएल आळीतील मागेन आबोथ सभागृह आणि नवगावची दफनभूमी ही दोन ठिकाणे चुकवू नयेत; बोट फुटून वाचलेल्या सात जोडप्यांची जी कथा घराघरांत सांगितली जाते, तिचे स्मारक नवगावातच आहे. सभागृहांची परवानगी आधी घ्यावी.

शनिवारी शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून पाळायचा विश्रांतीचा पवित्र दिवस, असल्यामुळे तो दिवस प्रवासाला धरू नये आणि शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी सर्वांना मुक्कामी पोहोचवावे. जुन्या थडग्यांवर हिब्रूबरोबर मराठी अक्षरेही सापडतात, आणि आपल्याकडच्या पाहुण्यांपैकी एकाला एक लिपी येईल, दुसऱ्याला दुसरी. म्हणून दोघादोघांच्या जोड्या करून लेख उतरवून घ्यावेत. दगडावर खडू किंवा पीठ चोळू नये, वर सांगितलेला पितळेचा उपाय इथे चालणार नाही. झिजलेली अक्षरे तिरप्या उन्हात दिसतात आणि तसे ऊन सकाळी आठच्या सुमारास असते, त्यामुळे गुरुवारी रात्री अलिबागला मुक्काम करून शुक्रवारी सकाळी चहा घेऊन थेट दफनभूमीत जावे, सभागृह त्यानंतर पाहावे.